शिवी उलटवायचा हक्क कोणाचा?

आमच्या हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये इंग्लिश प्रीमियर लीगची मोठी मॅच असली की बसायला जागा मिळत नाही. प्लास्टिकच्या खुर्च्या, खोलीतून आणलेल्या गाद्या, खिडकीचा कट्टा, सगळं भरलेलं असतं. दोन वर्षांपूर्वी अशाच एका रात्री टॉटनहॅम विरुद्ध आर्सेनल सुरू होती. माझ्या शेजारी टॉटनहॅमची पांढरी जर्सी घातलेला माझाच बॅचमेट बसला होता. सवर्ण घरातला, पण चांगला मुलगा. नोट्स देणारा, फेलोशिप लांबली की उधार देणारा. टॉटनहॅमने गोल केला तसा तो खुर्चीवर उभा राहून ओरडला, "यिड आर्मी! यिड आर्मी!"

हाफटाइमला कोणीतरी विचारलं, हे काय असतं? त्याने सांगितलं, 'यिड' ही ज्यूंना दिली जाणारी शिवी. समोरच्या क्लबचे लोक आम्हाला ती द्यायचे, म्हणून आम्हीच ती उचलली. मी म्हटलं, "आम्ही म्हणजे कोण? तू ना ज्यू, ना लंडनचा." तो हसला आणि माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "भाई, रिक्लेम किया हुआ वर्ड है. जैसे तू खुद को कोटा बोलता है."

खोली हसली. मीही हसलो. मग कोणीतरी फोनवर सोल कॅम्पबेलचा जुना व्हिडिओ लावला आणि गाडी दुसरीकडे वळली. हा खरंच मोठा डिफेंडर होता की नुसती ताकद? जर्सीवाल्या मित्राचं मत ठाम होतं. "बॉडी थी, बाकी कुछ नहीं. ओव्हररेटेड."

त्या रात्री वाद दोन गोष्टींवर झाला, शिवी आणि मेरिट. दोन्ही वाद लंडनच्या एका क्लबबद्दलचे. पण मला झोप आली नाही ती माझ्या ट्रंकेत घडी करून ठेवलेल्या एका टी-शर्टमुळे. त्याच्याकडे येतोच. आधी टॉटनहॅम, कारण त्या गोष्टीत आपल्यासाठी बरंच काही आहे.

'यिड' हा शब्द मुळात शिवी नाही. पूर्व युरोपातले ज्यू जी यिडिश भाषा घरात बोलत, त्या भाषेत त्याचा अर्थ फक्त 'ज्यू' एवढाच. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रशियन साम्राज्यातल्या दंगलींपासून जीव वाचवून हजारो ज्यू लंडनच्या ईस्ट एंडमध्ये आले. पुढे त्यांतले बरेच उत्तर लंडनकडे सरकले आणि टॉटनहॅमच्या सामन्यांना जाऊ लागले. १९३० च्या दशकात ऑस्वाल्ड मोस्लीच्या फॅसिस्टांनी त्याच ईस्ट एंडच्या रस्त्यांवर 'यिडांना हाकला' अशा घोषणा दिल्या. घरातलं नाव रस्त्यावर शिवी झालं. आपल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडेही शिवी म्हणून फेकले जातात ते शब्द बहुतेक जातींची नावंच आहेत. शब्द तोच असतो. कोण, कोणाला, कुठल्या सुरात म्हणतो, त्यावर त्याचा अर्थ ठरतो.

१९७०-८० च्या सुमारास इंग्लंडच्या स्टेडियममध्ये टॉटनहॅमच्या प्रेक्षकांना हा शब्द रोजचा झाला. ज्यू प्रेक्षक इतर क्लबांचेही होते, पण 'ज्यूंचा क्लब' हा शिक्का टॉटनहॅमवर बसला. समोरचे लोक हिटलरच्या छळछावण्यांची गाणी म्हणायचे, तोंडाने 'स्स्स' असा आवाज काढायचे. तो आवाज गॅस चेंबरमध्ये सोडलेल्या गॅसचा. यावर टॉटनहॅमच्या प्रेक्षकांनी, ज्यू आणि बिगरज्यू दोघांनी मिळून, तीच शिवी घोषणा म्हणून उचलली. तुम्ही आम्हाला यिड म्हणता? हो, आम्ही यिड. पुढे लाडक्या खेळाडूलाही प्रेमाने तेच नाव मिळू लागलं, मग तो कुठल्याही धर्माचा असो.

यातली चांगली बाजू नाकारायचं कारण नाही. शेजारच्या माणसाला शिवी पडते तेव्हा 'मग मलाही घाल' म्हणत त्याच्या बाजूला उभं राहणं ही छोटी गोष्ट नाही. टॉटनहॅमचे कित्येक ज्यू चाहते आजही सांगतात की या घोषणेने आम्हाला एकटं वाटू दिलं नाही. पण ज्यू समाजातूनच विरोधही उभा राहिला. लेखक आणि विनोदी कलाकार डेव्हिड बॅडिएल स्वतः ज्यू आणि चेल्सीचे चाहते. त्यांनी आणि त्यांच्या भावाने २०११ मध्ये या शब्दाविरुद्ध एक छोटी फिल्म केली. तीत टॉटनहॅमचाच बचावपटू लेडली किंगही होता. बॅडिएल यांचा मुद्दा साधा होता. ही घोषणा देणारे बहुसंख्य ज्यू नाहीत. मग शिवी परत घेणारे तुम्ही कोण?

२०१३ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने जाहीर केलं की हा शब्द वापरणं गुन्हा ठरू शकतं. तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून म्हणाले, स्वतःला यिड म्हणवणाऱ्या टॉटनहॅमच्या चाहत्यांवर खटले भरू नयेत. तीन चाहत्यांवर आरोप ठेवले गेले आणि २०१४ मध्ये मागे घेतले गेले. शेवटी क्लबने आपल्या चाहत्यांनाच विचारलं. २३ हजारांहून जास्त लोकांनी उत्तरं दिली. त्यांत स्वतःला ज्यू म्हणवणारे साधारण ११ टक्के. जवळपास निम्म्या लोकांनी सांगितलं की हा शब्द कमी व्हावा किंवा बंदच व्हावा. फेब्रुवारी २०२२ मध्ये क्लबने चाहत्यांना या शब्दापासून पुढे जायचं आवाहन केलं. आमच्या कॉमन रूमपर्यंत ते पोचलं नव्हतं.

त्या ११ टक्क्यांकडे पुन्हा बघा. क्लबने विचारलं हे चांगलंच केलं. पण ज्या शब्दाचा मार ११ टक्क्यांना बसतो, त्या शब्दाचं काय करायचं हे १०० टक्क्यांच्या मतदानावर सोडलं गेलं. सामना संपल्यावर बाकीचे ८९ टक्के जर्सी काढतात आणि यिड राहत नाहीत. ज्यू माणूस सोमवारी सकाळी ऑफिसात, शाळेत, बसमध्ये ज्यूच असतो.

आता सोल कॅम्पबेल. १९७४ साली पूर्व लंडनमध्ये जमैकाहून आलेल्या आईबापांच्या घरी जन्मलेला काळा मुलगा. टॉटनहॅममध्येच घडला, १९९२ मध्ये पहिला सामना खेळला, पुढे कर्णधार झाला आणि १९९९ मध्ये क्लबला लीग कप जिंकून दिला. २००१ मध्ये करार संपला आणि तो एक पैसाही न देता-घेता आर्सेनलकडे गेला. आर्सेनल म्हणजे टॉटनहॅमचा शेजारी आणि जन्माचा वैरी. चाहत्यांचा राग मला समजतो. क्लबच्या हाती काहीच लागलं नाही, आणि आपण इथेच राहू असं तो आधी म्हणालाही होता.

पण राग कुठल्या शब्दांत बाहेर आला ते बघू. नोव्हेंबर २००१ मध्ये तो आर्सेनलकडून जुन्या मैदानावर परतला तेव्हा फलकांवर एकच नाव होतं, 'जुडास'. येशूला चांदीच्या नाण्यांसाठी पकडून देणारा शिष्य. युरोपात शतकानुशतकं हेच नाव समोर धरून ज्यू म्हणजे गद्दार, ज्यू म्हणजे पैशाला विकला जाणारा, असं पसरवलं गेलं. म्हणजे स्वतःला अभिमानाने यिड म्हणवणाऱ्या गर्दीने रागाच्या भरात उचलला तो ज्यूद्वेषाच्या पोतडीतलाच सर्वांत जुना दगड. सप्टेंबर २००८ मध्ये कॅम्पबेल पोर्ट्समथकडून टॉटनहॅमविरुद्ध खेळत होता. तेव्हा पाहुण्या प्रेक्षकांमधल्या एका गटाने त्याच्यावर जे गाणं म्हटलं त्यात वेडेपणा होता, एचआयव्ही होतं आणि झाडाला लटकणं होतं. काळ्या माणसाला उद्देशून झाडाला लटकण्याचे शब्द कुठल्या इतिहासातून येतात हे वेगळं सांगायला नको. पोलिसांनी फोटो काढून लोक शोधले आणि त्यांतल्या काहींवर न्यायालयाने सामन्यांना यायची बंदी घातली.

सगळे चाहते असे नव्हते, हे खरं आहे आणि ते लिहिलंच पाहिजे. माझा मुद्दा वेगळा आहे. वर्षानुवर्षं एक शिवी अभिमानाने ओरडूनही त्या गर्दीला शिवी म्हणजे काय हे कळलं नव्हतं. कॅम्पबेल जोपर्यंत त्यांच्यासाठी चेंडू अडवत होता तोपर्यंत तो आपला. त्याने स्वतःच्या भल्याचा निर्णय घेतला त्या दिवशी तो काळा झाला. उसनी घेतलेली शिवी घसा गरम करते, पण घेणाऱ्याला बदलेलच असं नाही.

आता त्याचं मेरिट. इंग्लंडकडून ७३ सामने. १९९६ ते २००६ या काळात सलग सहा मोठ्या स्पर्धा. २००३-०४ मध्ये आर्सेनल ३८ पैकी एकही सामना न हरता विजेता ठरला आणि त्या संघाने वर्षभरात फक्त २६ गोल खाल्ले. त्या बचावाच्या मधोमध कॅम्पबेल होता. २००६ च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात बार्सिलोनाविरुद्ध आर्सेनलचा एकमेव गोल त्याचा. एवढं असूनही 'बॉडी थी'.

हे फक्त माझ्या मित्राचं मत नाही. २०२० मध्ये इंग्लंडच्या व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या संघटनेच्या सोबतीने युरोपातल्या चार मोठ्या लीगमधल्या ८० सामन्यांची कॉमेंट्री तपासली गेली. गोऱ्या खेळाडूंचं कौतुक बुद्धीसाठी आणि मेहनतीसाठी जास्त होत होतं, गडद रंगाच्या खेळाडूंचं ताकद आणि वेगासाठी. म्हणजे स्तुतीतही वाटणी ठरलेली. डोकं त्यांचं, अंग आमचं.

मी स्वतः बारा वर्षं स्टॉपर म्हणून खेळलो आहे. नवोदय विद्यालयात फुटबॉल शिकलो तेव्हापासून. बचाव हे डोक्याचं काम आहे. चेंडू येण्याआधी दोन पावलं सरकायचं असतं. ते नीट जमलं तर काहीच घडत नाही, आणि जे घडलंच नाही ते कोणी मोजत नाही. माझे वडील मोंढ्यात हमाली करतात. पोत्यांची थप्पी लावणं ही कला आहे. कुठलं पोतं कुठे, कोणत्या कलाने ठेवायचं, हे वर्षं घालवून कळतं. पण थप्पी पडली तरच व्यापाऱ्याचं लक्ष जातं. न पडलेल्या थप्पीला 'अंगात ताकद आहे गड्याच्या' एवढंच बक्षीस. ज्यांचं काम दिसत नाही त्यांच्या वाट्याला 'ताकद' हा शब्द येतो. 'मेरिट' हा शब्द ज्यांचं काम दिसतं त्यांच्यासाठी राखून ठेवलेला असतो. खरं आरक्षण म्हणतात ते हे.

२०१४ मध्ये कॅम्पबेलच्या चरित्राच्या निमित्ताने त्याचं म्हणणं छापून आलं की मी गोरा असतो तर दहा वर्षांहून जास्त काळ इंग्लंडचा कर्णधार राहिलो असतो. ७३ सामन्यांत त्याला कर्णधारपद मिळालं तीनदा. यावरून खूप टीका झाली. लोक म्हणाले, पॉल इन्स काळा असून कर्णधार झाला होता ना? आता 'गोरा असतो तर' हे कोणी कसं सिद्ध करायचं? जे दिलंच गेलं नाही त्याचा पुरावाही ज्याला मिळालं नाही त्यानेच आणायचा. व्हायवामध्ये पाच मार्क कमी पडलेल्या आपल्यातल्या प्रत्येकाला ही अडचण ओळखीची आहे.

आता टी-शर्ट. एम.ए.च्या पहिल्या वर्षी मी या केंद्रीय विद्यापीठात आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात मेसच्या टेबलावर प्रश्न आला, "रँक कितनी थी?" हा प्रश्न कशासाठी असतो हे तुम्हाला माहीत आहे. आडनावावरून जे नक्की कळत नाही ते रँकवरून काढायचं असतं. मी समोरच्याला संधीच दिली नाही. म्हणालो, "कोटेवाला हूँ भाई, रँक मत पूछ." टेबल हसलं. मला वाटलं, जिंकलो. त्यांच्या हातातला दगड मी आधीच उचलून खिशात घातला.

मग ते नाव पडलं. मैदानावर हाक यायची, "कोटा, पीछे देख!" "कोटा, मार्क कर!" मला ते आवडायचंही. एर्विंग गॉफमनचं 'स्टिग्मा' तेव्हा वाचत होतो. वाटलं, कलंक लपवण्यापेक्षा मिरवणं शहाणपणाचं. आंतर-हॉस्टेल स्पर्धेसाठी टी-शर्ट छापायचे ठरले तेव्हा मी स्वतःच्या पैशांनी पाठीवर ४ नंबर आणि त्याच्यावर 'कोटा' छापून घेतलं.

तीन सीझन मी त्या संघाचा बचाव सांभाळला. चौथ्या वर्षी कर्णधार निवडायची वेळ आली. माझं नाव निघालं तसा एक जण म्हणाला, "कप्तानी में भी रिझर्वेशन चाहिए क्या कोटा को?" तोच हशा, तीच खोली. कर्णधार दुसराच झाला. मी ओरडलो नाही. रात्री दोघा-तिघांना म्हणालो, आता हे नाव बंद करू या. उत्तर मिळालं, "तूने ही तो शुरू किया था." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ते खरं होतं.

त्या वर्षी १४ एप्रिलला घरी गेलो. बहिणीने माझे कपडे धुऊन दोरीवर टाकले. ती तेव्हा बारावीत होती. टी-शर्ट उलटा करून वाळत घालताना तिने विचारलं, "दादा, हा कोटा कोण? तुझ्या टी-शर्टवर तुझं नाव का नाही?" मी म्हणालो, मित्रांची मस्करी आहे. ती म्हणाली, "त्यांच्या टी-शर्टवर काय लिहिलंय?" त्यांच्या पाठीवर त्यांची नावं होती.

मी चुकलो कुठे? शिवी उचलणंच चूक आहे का? तसं मला वाटत नाही. आपल्याकडे हे काम आपल्या माणसांनी केलं आहे आणि मोठ्या ताकदीने केलं आहे.

योगायोग म्हणा, पण त्यातलं सर्वांत ठळक उदाहरण एका बचावपटूचंच आहे. जयपालसिंग मुंडा. खुंटी भागातल्या मुंडा आदिवासी घरातला मुलगा, ऑक्सफर्डला शिकलेला, हॉकीत फुलबॅक खेळणारा. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारताने हॉकीचं पहिलं सुवर्ण जिंकलं त्या संघाचा तो कर्णधार. १९ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभेत उद्दिष्टांच्या ठरावावर बोलायला तो उभा राहिला आणि म्हणाला की मी जंगली आहे आणि मला त्याचा अभिमान आहे, कारण आमच्या भागात आम्हाला याच नावाने ओळखतात. समोर बसलेल्यांत तो शब्द वापरणारेही होते. तो त्यांना हसवत नव्हता. त्याच भाषणात आपल्या लोकांवर हजारो वर्षं झालेल्या अन्यायाचा हिशेब होता आणि नव्या देशात बरोबरीच्या जागेची मागणी होती.

१९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नावाचा अर्धा भाग अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडून आला आणि उरलेला आपल्या जखमेतून. सहारनपूरजवळच्या घडकौली गावात 'द ग्रेट चमार' असा फलक गावाच्या वेशीवर लागला. पंजाबात गिन्नी माहीने आपल्या जातीचं नाव गाण्यात घेऊन स्टेज गाजवलं. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. ज्याच्यावर शब्द फेकला गेला त्यानेच तो उचलला, एकट्याने नाही तर आपल्या लोकांसोबत, आणि फेकणाऱ्याच्या तोंडासमोर. मी एकट्याने उचलला आणि फेकणाऱ्यांच्या करमणुकीसाठी. जयपालसिंग मुंडा 'जंगली' म्हणाले ते हिशेब मागायला. मी 'कोटा' म्हणालो ते हिशेब टाळायला, रँकचा प्रश्न येऊ नये म्हणून.

आणि उचलणं हा एकच मार्ग नाही, हेही आपल्याला महाराष्ट्रातून ठाऊक आहे. १९३८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात आपल्याला 'हरिजन' म्हणणारं विधेयक आलं तेव्हा बाबासाहेब आपल्या पक्षाच्या सदस्यांसह सभागृहातून बाहेर पडले. ती शिवीही नव्हती, गोड नाव होतं. पण दुसऱ्याने ठेवलेलं होतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आपण ते जुनं दळण मागे टाकून स्वतःचं नाव घेतलं. कोणी शब्द उचलून उलटवेल, कोणी तो टाकून पुढे जाईल. उत्तर प्रदेशातल्या भावाला एक रस्ता जवळचा वाटेल, विदर्भातल्या बहिणीला दुसरा. दोन्ही आपलेच आहेत. फक्त ठरवायचं आपण.

गंमत म्हणजे हा मुद्दा आपल्या कायद्याने कधीच सोडवला आहे. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचं कलम ३ सुरूच होतं ते 'अनुसूचित जाती किंवा अनुसूचित जमातीचा सदस्य नसलेला जो कोणी' अशा अर्थाच्या शब्दांनी. म्हणजे तोंड कोणाचं आहे हे कायदा आधी विचारतो. २००८ मध्ये स्वर्णसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की 'चमार' हे जातीचं नाव असलं तरी अपमानाच्या हेतूने ते वापरलं तर गुन्हाच. 'सगळ्यांना सारखा नियम का नाही?' असं विचारणाऱ्या मित्राला एवढंच सांगायचं की मार सगळ्यांना सारखा बसलेला नाही.

अपमान नव्हता, मस्करी होती, हे उत्तरही जुनं आहे. २०२० मध्ये युवराजसिंगने रोहित शर्माशी लाइव्ह गप्पा मारताना सहकारी खेळाडूंबद्दल गमतीत सफाई कामगार समाजाच्या जातीचं नाव वापरलं. हरयाणात तक्रार झाली, त्याने दिलगिरी व्यक्त केली, पुढे अटक होऊन जामीनही झाला. गंमत इतकी सहज झाली, कारण त्या खोलीत ज्याला लागेल असं कोणी नाही हे गृहीत धरलेलं होतं. आणि ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत भारतीय महिला हॉकी संघ हरला तेव्हा हरिद्वारजवळच्या रोशनाबादमध्ये वंदना कटारियाच्या घरासमोर फटाके फोडून जातिवाचक शिव्या दिल्या गेल्या. त्याच स्पर्धेत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तिने तीन गोल केले होते. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला हॉकीपटू. जिंकलो तेव्हा देशाची लेक, हरलो तेव्हा जात. कॅम्पबेलला हे कळलं असतं.

'कोटा' हा शब्द मात्र कुठल्याच कलमात सहज बसत नाही. कॅम्पसवरच्या नव्या शिव्या अशाच असतात, 'कोटा', 'कॅटेगरी', 'सरकारी जावई'. त्यांत जातीचं नाव नसतं, फक्त जात असते. म्हणूनच त्या हसून पचवायचा मोह होतो. २००७ मध्ये एम्सबद्दलच्या सुखदेव थोरात समितीने नोंदवलं होतं की दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना मेसमध्ये, हॉस्टेलमध्ये आणि खेळांतही वेगळं पाडलं जातं. एकटं पडायच्या भीतीने आपण हसतो. मी हसलो. घरातून पहिल्यांदाच एवढ्या लांब शिकायला आलेल्या मुलाला मैदानावर दहा माणसं हवी असतात, आणि ती मिळवायला तो स्वतःचं नावही देऊन टाकतो. त्याला मी नावं ठेवणार नाही. पण त्या हशात आपण सामील झालो की तो परवाना होतो, आणि परवाना मागे घेताना तुम्ही एकटे असता.

जर्सीवाल्या मित्राशी मी नंतर बोललो. टी-शर्टची गोष्ट सांगितली, बहिणीचा प्रश्न सांगितला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मुझे लगा तुझे अच्छा लगता है." खोटं बोलत नव्हता. तेव्हापासून तो मला नावाने हाक मारतो. इतर दोघं अजूनही 'कोटा' म्हणतात, आणि मी आता वळून बघत नाही.

यंदा जूनमध्ये माझी बहीण नर्सिंगच्या कॉलेजात, घरापासून चारशे किलोमीटर लांब, हॉस्टेलवर जाते आहे. तिलाही रँक विचारली जाईल. मी तिला कुठलं खोचक उत्तर शिकवलेलं नाही. एवढंच सांगितलं की प्रश्न आला तर घाई करू नको. पहिल्या आठवड्यात आपली माणसं शोध, मेसमध्ये त्यांच्यासोबत बस, आणि शब्द उचलायचा की टाकायचा ते त्यांच्यासोबत बसून ठरव. तिने ऐकलं आणि विचारलं, "त्या टी-शर्टचं काय करणार?"

ठेवणार आहे. पाठीवरचं छापलेलं अजून गेलेलं नाही.

जयभीम.